भद्रावतीचे आगंतुक पाहुणे

ताडोबाची सफारी आटोपली होती, वाघ काही दिसला नव्हता आणि परतीच्या गाडीला अख्खी दुपार शिल्लक होती. चंद्रपूरचा मित्र म्हणाला, ‘चल, भद्रावती दाखवतो.’ नागपूर रस्त्यावर बाईकने पाऊण तास. आयुध निर्माणीचं आणि कोळसा खाणींचं गाव, एवढंच मला ठाऊक. पण हे तर जुनं भांदक! ह्युएन त्संगने पाहिलेली कोसलची राजधानी ती हीच, असं १९व्या शतकात इथे आलेल्या कनिंगहॅमला वाटत होतं.

आधी विजासनची लेणी. एकाच टेकडीत बुद्धाकडे जाणारा लांबलचक बोगदा आणि बाजूला आणखी दोन. मोबाईलचा टॉर्च बंद केलात तर स्वतःचा हातही दिसत नाही. मग भद्रनागाचं देऊळ, पार्श्वनाथाचं जैन मंदिर आणि शेवटी डोलारा तलाव. तलावातल्या बेटावर नेणारा जुना दगडी पूल बघून ऑफिस, टार्गेट्स, सगळं विसरायला होतं. तासभर नुसतं बसावं, बस्स!

मी मात्र बसलो नाही. परतताना रस्त्याकडेच्या एका बोडीत हिरवीगार हायड्रिला दिसली आणि पुण्यातल्या फ्लॅटमधली माझी दोन फुटी फिशटँक आठवली. दुकानात पैसे मोजून घेतो तेच इथे फुकट! काठावर म्हशी धूत असलेले काका म्हणाले, ‘काहून नेता जी? गोगलगाई येतीन त्यातून.’ मी हसलो आणि पिशवी भरली.

काका बरोबर होते. दोन आठवड्यांनी काचेवर जेलीचे चिकट ठिपके दिसले, महिन्याभरात चपट्या, तपकिरी शंखांची फौज. यातली गंमत (?) अशी की ही गोगलगाय नर-मादी दोन्ही असते. एक आली तरी वंश चालू! घाबरून मी तांब्याचं औषध ओतलं. एका रात्रीत गोगलगाई मेल्या, त्या सडून पाणी नासलं आणि सोबत माझी सगळी कोळंबी गेली. दोन वर्षं जपलेली. तांबं कोळंबीलाही मारतं, हे बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. मीच वाचलं नव्हतं.

नंतर वाचलं, आणि जरा टरकलोच. तळ्यातली ही चपटी गोगलगाय, इंडोप्लॅनॉर्बिस, काही परजीवी कृमींचं भाड्याचं घर असते. तिच्यातून बाहेर पडलेल्या सूक्ष्म अळ्या गुरांच्या कातडीतून आत शिरतात. त्यातल्या एका जातीमुळे जनावरांची नाकं सुजून ती घोरायला लागतात. माणसाच्या अंगाला त्या पाण्याने खाज सुटते. रत्नागिरीतल्या गिमवी गावात तर १९५२ साली माणसांमध्येच शिस्टोसोमियासिस सापडला होता. तिथे संशय होता तो टोपीसारख्या कवचाच्या एका चिमुकल्या गोगलगाईवर.

समुद्री टँकवाल्यांचं दुखणं आणखी वेगळं. तिथे तांदळाच्या दाण्याएवढी पांढरी गोगलगाय रात्री बाहेर येते आणि सोंड खुपसून शिंपल्यांचा रस शोषते. परदेशात लोक ब्रश घेऊन शिंपले घासत बसतात. आपल्याकडे तो प्रश्न फारसा येऊच नये, कारण प्रवाळ आणि महाकाय शिंपले वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत. घरात ठेवायचेच नाहीत!

तर गोड्या पाण्यातल्या आपल्या दोस्तांसाठी अनुभवाचे बोल. नवी वनस्पती लिटरला चमचाभर तुरटीच्या पाण्यात दोन-तीन तास बुडवा, स्वच्छ धुवा आणि दोन आठवडे वेगळ्या बादलीत ठेवा. गोगलगाई आल्याच तर रात्री कोबीचं पान टाका, सकाळी पानासकट उचला. खाणं निम्मं करा, कारण त्या माजतात त्या उरलेल्या खाण्यावर. हाताला जखम असेल तर हातमोजे घाला. आणि टँकचं पाणी, झाडं नदीनाल्यात टाकू नका.

माझी टँक आता पुन्हा उभी राहिली आहे. यंदाही भद्रावतीला जाणार आहे. पुलापाशी तासभर बसणार, काका भेटले तर माफी मागणार. पिशवी मात्र रिकामीच आणणार.

कसं जाल? : रेल्वे स्टेशनचं नाव आजही भांदक आहे, भद्रावती शोधत बसू नका. सगळ्या गाड्या थांबत नाहीत, त्यामुळे चंद्रपूरला उतरून रस्त्याने येणं सोपं. जत्रेची गर्दी अनुभवायची असेल तर नागपंचमी गाठा.