वुजूचं गरम पाणी

दाभोळपासून बाणकोटपर्यंतच्या मोहल्ल्यांत अनेक चिरेबंदी घरं वर्षभर कुलपात असतात. माणसं मुंबईत किंवा आखातात. घर उघडतं ते मे महिन्यात, नाहीतर रमजान-ईदला.

2019 चा रमजान मे महिन्यातच आला. गरम पाणी कुणी मागितलं नाही. पण चांद्रवर्षामुळे रमजान दरसाल 10-11 दिवस अलीकडे येतो. 2026 मध्ये तो फेब्रुवारीत सुरू झाला. दापोलीकडची तेव्हाची पहाट गार. गीझर माडीवरच्या न्हाणीघरात आणि अम्मीला जिना चढवत नाही. म्हणून तो खाली मागच्या पडवीत, वुजूच्या कट्ट्याजवळ आणला.

चिरा सच्छिद्र असतो, आणि 15 लिटरच्या टाकीत नुसतं पाणीच 15 किलो. म्हणून बोल्ट सिमेंटमध्ये पक्के बसवले. अर्थिंग तपासून घेतलं, सेफ्टी व्हॉल्व्ह लावला. घर बंद करताना आधी वीज बंद, मग टाकी रिकामी. परतल्यावर आधी टाकी भरायची, मगच बटण दाबायचं.

2030 मध्ये तर जानेवारीत एक आणि डिसेंबरअखेर दुसरा रमजान सुरू होईल. मेच्या सुट्टीसाठी सजवलेल्या घरांत आता बुजुर्गांच्या फजरचीही सोय व्हायला हवी.