रंगवलेले प्रांत

कुंभकोणमच्या महामहम तळ्याकाठी, सोळा मंडपांसमोर, एखादी परप्रांतीय गाडी उभी दिसणे यात नवल नाही. दर बारा वर्षांनी येथे पर्वस्नान होते. मागचे २०१६ साली झाले, पुढचे २०२८ मध्ये व्हावयाचे आहे. मधल्या वर्षांतही नवग्रहांच्या देवळांची फेरी करणारे यात्रेकरू याच गावी मुक्काम ठेवतात. परंतु सांगलीच्या क्रमांकाची ती गाडी यात्रेची नव्हती. एका निवृत्त शिक्षक दांपत्याने जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये दोन पलंग, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवून तिचे फिरते घर केले होते. मागच्या दारावर भारताचा पांढरा नकाशा होता. पाहून झालेले राज्य रंगीत चिकटकागदाने भरावयाचे, न पाहिलेले कोरे ठेवावयाचे, असा त्यांचा परिपाठ.

गाडीवर राज्यांची नावे मिरवण्याची रीत आपल्याकडे नवी नव्हे, मात्र तिचा अर्थ वेगळा होता. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी पर्यटक गाडीच्या कपाळावर पिवळी पाटी लावण्यास सांगितले होते. कोणकोणत्या राज्यांत परवाना वैध आहे ते तिच्यावर काळ्या अक्षरांत लिहावयाचे. ती यादी जाण्याच्या मुभेची होती, जाऊन आल्याची नव्हे. जाऊन आल्याची नोंद पूर्वीचा यात्रेकरू स्वतःपाशी ठेवीतच नसे. ती काशीच्या, प्रयागच्या, गयेच्या पंड्यांच्या वह्यांत राही, आणि पुढे नातू तेथे गेला म्हणजे त्याला आजोबाची सही दाखवली जाई. राजेरजवाड्यांची गोष्ट निराळी. तंजावरचे दुसरे सरफोजीराजे १८२० साली मोठ्या लवाजम्यानिशी काशीस निघाले, त्या यात्रेवर लावण्या रचल्या गेल्या. मागच्या दारावरचा नकाशा हा त्या लावण्यांचाच दूरचा, मध्यमवर्गीय वंशज म्हणावयास हरकत नाही.

गुरुजींचा एक कडक नियम होता. ज्या राज्यात तेथल्या एखाद्या घरात बसून जेवण झाले असेल तेच रंगवावयाचे. महामार्गाने ओलांडलेले, धर्मशाळेत काढलेले जमेस धरावयाचे नाही. या नियमापायी गोवा, जेथे ती दोघे दहा वेळा तरी गेली असतील, कित्येक वर्षे कोरा राहिला. २०१३ साली हैदराबादेत एका घरी जेवण झाले आणि आंध्र रंगला. २ जून २०१४ रोजी तेलंगण वेगळे झाल्यावर तो कागद अर्धा सोलून काढावा लागला. जेवण तेच, यजमान तेच, राज्य मात्र दुसरे. बाईंना ही काटेकोरी हास्यास्पद वाटे आणि त्या तसे बोलूनही दाखवीत.

कुंभकोणमला तळ्याच्या पायऱ्यांवर भेटलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी नकाशाखालची मराठी अक्षरे मोठ्याने वाचली. उच्चारांत तमिळ हेल होता, क्रियापदे जुन्या बखरीतून उठून आल्यासारखी होती. पण भाषा मराठीच होती. व्यंकोजीराजांनी तंजावर घेतले ते १६७० च्या दशकात. राज्य १८५५ मध्ये खालसा झाले. राज्याबरोबर आलेली घरे मात्र राहिली. याच कुंभकोणमात १८२८ साली जन्मलेले टी. माधवराव पुढे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे दिवाण झाले. पायरीवरच्या रावांचा प्रवास इतका लांबचा नव्हता. हयात तंजावर जिल्ह्यात गेली. महाराष्ट्र त्यांनी पाहिलेला नव्हता.

दुपारचे जेवण रावांच्या घरी झाले. केळीच्या पानावर भात, सांबार, कोशिंबीर. सांबाराचे नाव संभाजीराजांवरून पडले ही तंजावरची आवडती आख्यायिका रावांनी सांगितली आणि ती खरी नसावी असेही स्वतःच सांगितले. सून तमिळमध्ये वाढीत होती. नातीला मराठी कळत होते, बोलता येत नव्हते. आजोबा मराठीत विचारीत, ती तमिळमध्ये उत्तर देई, आणि दोघांनाही त्यात काही वावगे वाटत नव्हते. ही भाषा या घरात आणखी किती वर्षे ऐकू येईल, हे विचारण्याचे धाडस पाहुण्यांना झाले नाही.

जेवणानंतर बाईंनी तमिळनाडूच्या आकाराचा हिरवा कागद काढला. गुरुजींनी त्यांना थांबवले. हे घर तर आपलेच, येथे मराठी माणसाकडे जेवलो, म्हणजे तमिळनाडूत जेवलो असे कसे म्हणता येईल, असे ते मोठ्या आपुलकीने बोलून गेले. त्यांना तो गौरव वाटला होता.

रावांचा चेहरा उतरला. तीन शतके ज्या कावेरीचे पाणी प्यालो, ज्या मातीत पिढ्या गेल्या, तेथलेच आम्ही नव्हे तर मग कुठले, असे त्यांनी विचारले. महाराष्ट्रातले म्हणावे तर मूळ गावाचे नावही आता घरात कोणास ठाऊक नाही. नावामागे फक्त राव उरले आहे. मग नकाशातल्या भगव्या महाराष्ट्राकडे बोट करून त्यांनी पुढचा प्रश्न केला : ‘‘हे कुणाच्या घरीं जेवून रंगविलें?’’

गुरुजींपाशी उत्तर नव्हते. महाराष्ट्र पहिल्याच दिवशी, गाडी अंगणातून हलण्याआधी रंगवला गेला होता. आपल्या प्रांतास नियम लावावा हे त्यांच्या मनातही आले नव्हते. अनेक नियम करणाऱ्यांचे असेच होते, पण ते इतक्या सौम्य आवाजात विचारले जाणे विरळा.

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग गुरुजींनी हिरवा कागद नातीच्या हाती दिला. तिने तो लावला तेव्हा कन्याकुमारीचे टोक थोडे समुद्रात गेले. बाईंनी नखाने सरळ करू पाहिले, पण कागद धरून बसला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांना तिरुनळ्ळारला शनीच्या दर्शनास जावयाचे होते. ते कारैकालमध्ये, म्हणजे पुदुच्चेरीत. १९५४ पर्यंत तेथे फ्रेंचांचा अंमल होता. नकाशावर त्याचा ठिपका खसखशीएवढा. तेथे जेवावयाचे कोणाकडे, याची चर्चा रावांच्या ओसरीवर रात्री उशिरापर्यंत चालली होती, आणि रावांनी आपल्या सुनेच्या माहेरचा पत्ता लिहून दिला.