तुमच्या हातात असतंच ते

चांदणी चौकातून बावधनकडे उतरताना पुढच्या चाकातून गुणगुण ऐकू यायची. चाळीसच्या पुढे वेग गेला की ती वाढायची. चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये पाडला, त्याच्या कितीतरी आधीपासून मी याच मोटरसायकलवर इथून ये-जा करतोय. गाडी जुनी झाली, आवाज करणारच, असं म्हणून मी दुर्लक्ष केलं. मग एकदा मागे बायको आणि मध्ये मुलगी बसलेली असताना वळणावर हँडल थरथरलं आणि पोटात गोळा आला.

घरी येऊन गाडी डबल स्टँडवर घेतली आणि पुढचं चाक दोन्ही हातांनी धरून आडवं हलवलं. कट्कट् आवाज झाला. बेरिंग गेलं होतं. पावसाळाभर मी पिरंगुटला कामावर जातो. रस्त्यावरचं पाणी सीलमधून आत गेलं की ग्रीस धुऊन निघतं, आणि मग गोळ्या कोरड्याच घासत राहतात.

गॅरेजवाल्यानं तासाभरात काम केलं असतं. पण शनिवारची सुट्टी होती, घरात पाने होते, आणि आपण ज्यावर लेकरू बसवतो त्याच्या आत काय आहे ते एकदा पाहावंसं वाटलं. इंजिनखाली विटा लावल्या, एक्सल काढला, चाक बाहेर घेतलं. हबमध्ये दोन बाजूंना दोन बेरिंगं आणि त्यांच्यामध्ये लोखंडी नळी, म्हणजे स्पेसर. एका बाजूनं पंच घालून दुसऱ्या बाजूचं बेरिंग ठोकून काढलं. त्यावर ६३०१ हा नंबर होता. शेवटच्या ०१ चा अर्थ आतलं भोक १२ मिलिमीटरचं. गाडी विटांवर, म्हणून बसनं नाना पेठेत गेलो आणि नवी जोडी घेऊन आलो.

पार्किंगमध्ये बसून ती ठोकत होतो, तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे काका थांबले. माणूस सज्जन आहे. ईदला शीरखुर्मा खायला घरी येतात. कौतुकानंच म्हणाले, "वा! तुम्हा लोकांच्या हातात असतंच ते. माझ्याही स्कूटरचं बघा एकदा."

मी हसलो. पण हातोडी जरा जोरात पडायला लागली.

माझे अब्बा जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिक्षक होते. त्यांनी आयुष्यात खडू सोडून काही हातात धरलं नाही. सायकलची चेन उतरली तरी ते सायकल हातात धरून चालत घरी यायचे. पण आडनाव ऐकलं की लोकांना पंक्चरचं दुकान दिसतं. आमच्यातली बरीच मुलं गॅरेजमध्ये असतात हे खोटं नाही. मुस्लिमांमध्ये पगारी नोकरीपेक्षा स्वयंरोजगारावर जास्त भर आहे, हे २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालातही आहे. नोकरी मिळत नाही, शिक्षण अर्ध्यात सुटतं, मग मुलगा उस्तादाच्या हाताखाली जातो. तिथे वर्षभर नुसते पाने पुसतो, शिव्या खातो, आणि मग कधीतरी त्याला नट सोडायला मिळतो. याला 'हातात असतंच' म्हटलं की त्याची ती सगळी वर्षं पुसली जातात, आणि त्याच्यासमोर दुसरा रस्ता का नव्हता हा प्रश्नही.

चाक बसवून फिरवलं तर ते अडखळत होतं. नवं बेरिंग, आणि दाणेदार खरखर.

रविवार गेला. सोमवारी अर्धी रजा टाकून मी पुन्हा बसनं नाना पेठेत. दुकानदारानं बेरिंग बोटावर फिरवलं आणि लगेच विचारलं, "आतल्या रिंगवर ठोकलंत ना साहेब?" मान खाली घालून हो म्हणालो. बेरिंगची बाहेरची रिंग हबमध्ये घट्ट बसते, त्यामुळे ठोकायचं ते तिच्यावरच. आतल्या रिंगवर मारलं की घाव गोळ्यांमधून जातो आणि ज्या खाचेत त्या फिरतात तिथे खळगे पडतात. "बाहेरच्या रिंगएवढा सॉकेट घ्या, हळूहळू मारा. तळाला बसलं की आवाज बदलतो," तो म्हणाला. "आणि मधली नळी विसरू नका. ती नसली तर एक्सल आवळताना आतल्या रिंगा दाबल्या जातात आणि हेही जाईल."

संध्याकाळी तसंच केलं. आवाज खरंच बदलला. आधी बद्द, मग टणक.

काका पुन्हा आलेच. मी खराब झालेलं बेरिंग त्यांच्या हातात दिलं. "फिरवून बघा. हे शनिवारी मी बसवलं होतं."

त्यांनी फिरवलं. खरखर त्यांच्या बोटांनाही कळली.

"माझ्या हातात काही नव्हतं, काका. अब्बा मास्तर होते. हे आज एकानं शिकवलं म्हणून आलं."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग पँट जरा वर ओढून खाली बसले आणि म्हणाले, "सांगा, काय धरू?" त्यांनी चाक धरलं, मी एक्सल सरकवला. त्यांचे हात ग्रीसनं काळे झाले, माझे होतेच.

नट आवळला, ब्रेक तपासला, एकट्यानं भुगावपर्यंत जाऊन आलो. गुणगुण गेली होती. मंगळवारी सकाळी मुलीला पुन्हा मध्ये बसवलं.

काकांची स्कूटर येत्या रविवारी उघडायची आहे. पाना तेच धरणार, असं ठरलंय.