अठ्ठेचाळीस भागांची पद्मिनी

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या मंडणगड तालुक्यातल्या घराची अर्धी कौलं गेली, मागच्या दारचा हापूस आडवा झाला आणि गाडीच्या शेडचे पत्रे उडून शेजारच्या वाडीत जाऊन पडले. त्या शेडमध्ये काय आहे ते गाव विसरलं होतं. खरं सांगायचं तर आम्हीही विसरलो होतो. पत्रे गेले आणि मरहूम अब्बांची प्रिमिअर पद्मिनी उघड्यावर आली. चारही चाकं बसलेली, टपावर आंब्याची फांदी.

आम्ही म्हणजे दोघे भाऊ. एक शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो, दुसऱ्याचं हार्डवेअरचं दुकान आहे. हा मजकूर मास्तराने लिहिला असला तरी दुकानदाराने तो वाचून दोन ठिकाणी खोडला आहे. म्हणून सगळीकडे ‘आम्ही’.

अब्बांनी ही गाडी 1987 साली आणली, बहारीनची नोकरी सोडून आल्यावर. फिकट निळा रंग, पुढे लांबच लांब एकच सीट, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. ज्यांनी ती चालवली नाही त्यांना सांगतो, 1089 सीसीचं हे इंजिन मुळात इटलीच्या फियाट 1100 चं. कुर्ल्याच्या कारखान्यात तिचं नाव 1973 मध्ये प्रेसिडेंट आणि वर्षभरात पद्मिनी झालं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत बसलेल्या प्रत्येकाने तिचा आवाज ऐकलेला आहे. आमच्या गावात मात्र ती एकच होती. तिच्यातून नवऱ्या मुली गेल्या, बाळंतिणी गेल्या, दोन वेळा मय्यतसाठी मुंबईहून माणसं आली.

खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते, पुढे दर 5 वर्षांनी वाढवून घ्यायची. 2002 मध्ये अब्बांनी ती वाढवली, 2007 मध्ये वाढवली. 2009 मध्ये अब्बांचा इंतकाल झाला. 2012 ची पाळी आमची होती. ती आम्ही चुकवली.

वादळानंतर भंगारवाला आला. गाडीभोवती एक फेरी मारली आणि 24000 रुपये म्हणाला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि मनातल्या मनात बारा-बारा हजार करून मोकळे झालो. अम्मी पडवीत बसली होती. तिने पानदान उघडलं, सुपारीच्या खालच्या कप्प्यातून गाडीची किल्ली काढली, आम्हाला दाखवली आणि परत ठेवली. भंगारवाला चहा पिऊन गेला.

तरी पुढची तीन वर्षं आम्ही फक्त वर नवे पत्रे घातले. 2023 च्या मेच्या सुट्टीत आमच्या थोरल्या मुलाने बॅटरी विकत आणली आणि आता सेल्फ मारून बघू म्हणाला. नशीब, त्याच दिवशी महाडचे उस्ताद आले होते. साठी ओलांडलेले, हयात फियाटमध्ये गेलेली. ते म्हणाले, “बाबा रे, चौदा वर्षं झोपलेल्याला एकदम उठवून पळायला लावशील काय?” इंजिनमधली रिंग सिलिंडरला धरलेली असते, तेल खाली उतरून भिंती कोरड्या पडलेल्या असतात, आणि टाकीतला गंज पहिल्याच झटक्यात पंपात येतो. बॅटरी त्यांनी उचलून पडवीत ठेवली. ती लागायला दीड महिना गेला.

पहिले दोन दिवस नुसती सफाई. मागच्या डिकीत धामणीची कात निघाली, अख्खी. सीटच्या काथ्यात उंदरांनी घर केलं होतं आणि वायरिंग कुरतडून ठेवलं होतं. डॅशबोर्डच्या खणात अब्बांची तसबीह, पेट्रोलच्या पावत्या आणि एक पेन्सिलीचा तुकडा.

मग उस्तादांनी चारही प्लग काढले. प्रत्येक भोकात मोबिल ऑइल आणि थोडं डिझेल मिसळून ओतलं आणि आठ दिवस हात लावायचा नाही म्हणून सांगून गेले. परत आल्यावर पुढच्या पुलीच्या नटाला मोठा पाना लावला. जोर नाही करायचा, नुसतं वजन टाकायचं. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी केसभर. तिसऱ्या दिवशी दुपारी पाना अर्धा वळला आणि प्लगच्या भोकातून काळं तेल उडालं, उस्तादांच्या दाढीवर. ते हसले. इंजिन खोलावं लागणार नव्हतं.

टाकी उतरवली तर आत पेट्रोल नव्हतंच. तळाला डांबरासारखा थर आणि वास जुन्या व्हार्निशचा. टाकीत मूठभर नट-बोल्ट आणि डिझेल घालून ती आम्ही दोघांनी दोन बाजूंनी धरून हलवली. संध्याकाळपर्यंत गंज पडत राहिला. पंपाचा डायफ्राम पापडासारखा कडक झाला होता. कार्बोरेटरची जेटं बुजली होती, ती पितळेची म्हणून वाचली. पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या नव्या टाकल्या. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, जुन्या रबराला ते मानवत नाही, म्हणून त्याला चालेल अशी नळी मागून घ्या, हे उस्तादांचं सांगणं ज्यांच्या दारात जुनी गाडी आहे त्यांनी लक्षात ठेवावं.

सगळ्यात जास्त वेळ ब्रेकने खाल्ला. चारही चाकांना ड्रम आणि चारही ड्रमला लायनर चिकटलेले. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, आणि आमच्या कोकणात हवेत पाण्याला काय तोटा! व्हील सिलिंडरच्या आत गंजाचे खड्डे पडलेले. मास्टर सिलिंडरचं किट, चार व्हील सिलिंडर, रबरी होज, सगळं नवं. यासाठी आमच्यापैकी दुकानदार कुर्ल्याला सीएसटी रोडवर दोन दिवस फिरला. मास्तराने विचारलं होतं की होज वरून बरे दिसतात, ते राहू द्यावेत का? उस्ताद म्हणाले, वरून बराच दिसतो, आतून फुगतो. पाय दाबला की दाबलेलाच राहतो.

टायरच्या नक्षीला धक्का लागला नव्हता, पण टायरवर कोरलेले चार आकडे 3207 होते. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे 2007 चा बत्तिसावा आठवडा. अब्बांनी शेवटच्या पासिंगला घातलेले. काढावेच लागले.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात, बकरीदला दोन दिवस असताना, पॉइंट घासून, नवं ऑइल, नवी बॅटरी लावून उस्तादांनी बोनेटखाली हात घातला आणि अम्मीला पडवीतून बोलावलं. किल्ली तिनेच दिली. चौथ्या खेपेला इंजिन खोकलं, सातव्या खेपेला लागलं. निळा धूर इतका की शेजारची बाई बादली घेऊन आली.

इथपर्यंतचं काम पैशाने आणि उस्तादांनी झालं. खरी गाडी अडली ती कागदावर.

एजंट म्हणाला, पासिंग नंतर, आधी गाडी जिवंत माणसाच्या नावावर करा. कायदा असा आहे की मालक वारला तर 30 दिवसांत कळवायचं आणि 3 महिन्यांत वारसाने 31 नंबरचा फॉर्म भरायचा. सोबत मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र आणि बाकी वारसांची संमती. वारस किती, त्याने विचारलं. आम्ही म्हणालो, दोन. तो म्हणाला, बहिणी नाहीत?

आहेत. दोन आहेत. धाकटी मुंब्र्याला असते, तिला फोन केला तर ती “भाईजान म्हणतील ते” म्हणून मोकळी झाली. थोरली आपा श्रीवर्धनकडे दिली आहे, बाणकोट खाडीच्या पलीकडे.

“आपा, एक सही हवी होती. गाडीच्या कागदावर.”

“कुठली गाडी?”

“अब्बांची.”

बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, “चौदा वर्षांत आज पहिल्यांदा कळलं की माझीही सही लागते.”

आम्ही काहीतरी बोललो असू. ती पुढे म्हणाली, “गाडीला लागते, मग बागेला नाही लागत?”

बाग म्हणजे हापूस आणि काजूची, पावणेदोन एकर. सातबारा अजून अब्बांच्या नावावर. पीक दरवर्षी आम्ही काढतो, विकतो, अम्मीचं औषधपाणी बघतो. कुणी हडप केलं असं आम्हाला कधी वाटलं नाही. नोंद करायचं राहून गेलं, एवढंच, असं आम्ही म्हणत आलो. पण त्या फोननंतर 2020 चा जून आठवला. ज्या वादळाने आमचा एक आंबा पाडला त्याने आपाच्या सासरची सुपारीची वाडी झोपवली. श्रीवर्धनची सुपारी, नाव घेतलं की दर्दी ओळखतात. सुपारीचं झाड नव्याने लावलं तर पीक हाताशी यायला वर्षं जातात. आम्ही तेव्हा तांदूळ, चादरी आणि घरासाठी पत्रे घेऊन गेलो होतो. पत्रे दुकानातलेच. तिने ते उतरवून घेतले, चहा केला. वाटा मागितला नाही. आम्हीही तिला तो दाखवला नाही. मदत देऊन आलो.

मास्तराने त्या रात्री पाटीवर हिशोब मांडला. शाळेत मुलांना अपूर्णांक शिकवतो, पण हा घरी कधी मांडला नव्हता. अम्मीचा आठवा हिस्सा. उरलेल्यात मुलाला दोन, तर मुलीला एक. छेद जुळवला की 48 येतात. अम्मीला 6, आम्हाला 14 आणि 14, बहिणींना 7 आणि 7. सूरह निसामध्ये हे आहे, ती आम्ही लहानपणापासून वाचत आलो आहोत. भंगारवाल्याच्या 24000 पैकी आपाचे 3500 होते. आम्ही ते मनातल्या मनात खाल्ले होते.

दुकानदाराचं म्हणणं पडलं की गाडीची सही गाडीपुरती घेऊ, बागेचं नंतर शांतपणे बघू. यावर आमच्यात दोन दिवस अबोला होता. (हे वाक्य त्याने खोडलं होतं, परत लिहिलं आहे.) शेवटी अम्मीनेच विचारलं, नंतर म्हणजे मी गेल्यावर का?

ऑगस्टमध्ये तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज दिला, पाचही नावांचा. त्याची पोच आपाला पाठवली. चार दिवसांनी तिची संमती सहीनिशी आली. सोबत धाकटीसाठी निरोप होता, तिला पुन्हा नीट विचारा, ती लगेच हो म्हणते म्हणून तेवढ्यावर घेऊ नका.

गाडी अम्मीच्या नावावर झाली. 25 नंबरचा फॉर्म, नूतनीकरणाची 5000 फी आणि उशिराचा दंड, पर्यावरण कर, विमा, पीयूसी, सगळं झालं. कॅम्पच्या दिवशी गाडी टेम्पोवर चढवून तालुक्याला नेली. नोंदणी संपलेली गाडी रस्त्यावर हाकायची नसते. पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारातच जाते असं बरेच जण समजतात. दिल्लीचे नियम वेगळे, आपल्याकडे तपासणीत उतरली तर ती आणखी पाच वर्षं चालते. त्याच सुमारास, 30 ऑक्टोबर 2023 ला, मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून बंद झाल्याची बातमी आली. आमची तेव्हा नुकती पास झाली होती.

डिसेंबरात वेसवीच्या फेरीबोटीवर गाडी चढवली आणि बागमांडल्याला उतरून आपाच्या दारात गेलो. अम्मी पुढच्या सीटवर. आपा पिठाच्या हातानेच बाहेर आली. आमच्याआधी अब्बांनी गाडी शिकवली होती ती तिला, 1990 च्या आसपास, शाळेच्या मैदानावर. लग्नानंतर ते राहिलं ते राहिलंच. ती स्टिअरिंगमागे बसली, गिअरचा दांडा वर-खाली करून पाहिला आणि पहिला बरोबर टाकला. इंजिन बंदच होतं. मग म्हणाली, “बिलं आणलीत?”

वही होती बरोबर. एकूण खर्च 144000. तिने स्वतः भागाकार केला. 48 ने भागले तर 3000, गुणिले 7. आत जाऊन 21000 रुपये घेऊन आली. आम्ही नको म्हणालो, दोघेही एकदम. ती म्हणाली, “मालकीत नाव आणि खर्चात माफी, असं कशाला? मग परत तुमची मेहरबानी.” पैसे सीटवर ठेवले. अम्मीने ते उचलून आमच्या हातात दिले. घ्यावे लागले.

परतताना फेरीवरच्या पोराने सांगितलं की मागचा डावा ब्रेक लाइट पेटत नाही. उंदरांनी खाल्लेल्या वायरिंगपैकी ते एक टोक राहिलं होतं, पुढच्याच आठवड्यात करून घेतलं. सातबाऱ्यावर नावं लागायला मार्च उजाडला. चौदा हंगामांच्या आंबा-काजूचा हिशोब मात्र अजून व्हायचा आहे. आम्ही दुकानाच्या माळ्यावरून जुन्या पावत्या काढायला घेतल्या आहेत. 2013 च्या आधीच्या उंदरांनी खाल्ल्या. त्या वर्षांचं काय धरायचं ते आपाला विचारलं आहे. ईदला ती इकडे येणार आहे.