१९९वा क्रमांक

गुणदान हाच ज्यांचा व्यवसाय, त्या आम्हां अध्यापकांना अमेरिकन फुटबॉलमधील ‘ड्राफ्ट’ ही प्रथा अंतर्मुख करते. महाविद्यालयीन खेळाडूंमधून व्यावसायिक संघ दरवर्षी सात फेऱ्यांत क्रमाने निवड करतात. आदल्या हंगामात तळाशी राहिलेल्या संघाला पहिला मान. निवडणाऱ्यापुढे दोन प्रश्न असतात: उपलब्धांत सर्वोत्तम कोण, आणि आपल्या संघात उणीव कोणत्या जागेची?

१९९८ साली पेटन मॅनिंग पहिला व रायन लीफ दुसरा निवडला गेला. दोघेही क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाचे सूत्रधार. श्रेष्ठ कोण, यावर जाणकारांत वाद होता. मॅनिंग थोर ठरला. लीफची कारकीर्द काही वर्षांतच आटोपली. २००० साली टॉम ब्रेडीचा क्रमांक १९९वा. त्याच्याआधी सहा क्वार्टरबॅक निवडले गेले होते. धावण्याच्या चाचणीत तो मंद ठरला होता. शिवाय न्यू इंग्लंड संघाकडे ड्रू ब्लेडसो असल्याने तातडीची गरजही नव्हती. तरी संघाने त्याला घेतले, सांभाळले. २००१मध्ये ब्लेडसो जायबंदी झाला आणि ब्रेडी मैदानात उतरला. पुढे सात सुपर बोल विजेतेपदे त्याच्या नावावर लागली.

चाळीस यार्डांची धाव सेकंदांत मोजता येते. प्रतिस्पर्धी अंगावर धावून येत असताना चेंडू कोणाकडे फेकावा, हा विवेक त्या घड्याळात उतरत नाही. म्हणून घड्याळ टाकून द्यावे, असे आम्ही म्हणणार नाही. मात्र मोजमाप अपुरे असते हे ओळखून त्या संघाने एक जागा राखली. आमच्या गुणवत्ता यादीतल्या १९९व्या विद्यार्थ्याला अशी थांबायला जागा कोठे असते?