आत्या बिदरची, बाबा उस्मानाबादचे

आधीच सांगून टाकते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांनी काढल्या असतील, उरलेल्या माझ्या!

आपल्या हॉस्टेलमध्ये फर्स्ट इयरला "आली का गं?" असं कुणी विचारलं, तर ते घरच्या पार्सलबद्दल नसतं. व्हॅलिडिटीबद्दल असतं. मीसुद्धा पावती जोडून ॲडमिशन घेतली होती. मुदतीत प्रमाणपत्र आलं नाही तर सीट जाणार, हे दर सोमवारी ऑफिसातून ऐकवलं जायचं. आणि त्यासाठी हवी होती वंशावळ. मला वाटायचं, वंशावळ फक्त राजेलोकांची असते, इतिहासाच्या पुस्तकात, बाण काढलेली.

आमचं प्रकरण अडकलं ते एका रकान्यात. जिल्हा.

माझ्या आजोबांनी १९५० साली भालकी तालुक्यातलं गाव सोडलं आणि उदगीरला अडतीच्या दुकानात मुनीमकी धरली. तेव्हा भालकी आणि उदगीर हे दोन्ही हैदराबाद राज्यातल्या बिदर जिल्ह्याचे तालुके. एकाच रेल्वेलाईनवरचे. आजोबांनी राज्य सोडा, जिल्हासुद्धा ओलांडला नव्हता. मग १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली. बिदरचे उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तीन तालुके मुंबई राज्यात येऊन उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले आणि भालकी गेलं म्हैसूर राज्यात. आजोबा दुकानात खतावणी लिहीत बसलेले असताना त्यांच्या आणि त्यांच्या सख्ख्या भावाच्या मधून राज्याची हद्द गेली.

आता आमच्या उदगीरच्या घराची गंमत बघा. मोठी आत्या १९५४ ची, जन्म जिल्हा बिदर, हैदराबाद राज्य. धाकटी आत्या १९५८ ची, जिल्हा उस्मानाबाद, मुंबई राज्य. बाबा १९६८ चे, जिल्हा उस्मानाबाद, महाराष्ट्र. मी जिल्हा लातूर, कारण १९८२ मध्ये लातूर वेगळा झाला. घर तेच, अंगणातला लिंब तोच. उस्मानाबादचंही २०२३ मध्ये धाराशिव झालं, म्हणजे बाबांच्या दाखल्यावरचं नाव आता नकाशात शोधायचं नाही.

फॉर्म मी भरला होता. कॉम्प्युटरच्या यादीत मिळेल ते निवडलं. पणजोबा: बिदर, कर्नाटक. आजोबा: लातूर, महाराष्ट्र. झालं! कागद तपासणाऱ्यांनी विचारलं, "तुम्ही मूळचे परराज्यातले का?" आमच्या प्रवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ या तारखेला महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा लागतो. आम्ही पुरावा म्हणून मोठ्या आत्याच्या जन्माची नोंद दिली, तर त्यावर 'तालुके उदगीर, जिल्हा बिदर'. "उदगीर बिदरमध्ये कधी होतं? नोंद चुकलीय." त्या माणसाचाही दोष नाही म्हणा, त्याच्या यादीतला उदगीर लातूरलाच सापडणार. शहाणपण मीच केलं होतं. पणजोबा वारले १९४७ ला आणि मी त्यांना कर्नाटकात बसवून मोकळी झाले, ज्या नावाचं राज्य १९७३ पर्यंत नव्हतंच!

माझी रूममेट राजुऱ्याची. ती म्हणाली, "एवढंच? आमचं ऐक." राजुरा तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात, मग नांदेड जिल्ह्यात, १९५९ पासून चांद्यात, म्हणजे आताच्या चंद्रपुरात. तिच्या घरच्यांनी जुने कागद आधी चंद्रपूरला शोधले, मग नांदेडला. खापरपणजोबांचं नाव ज्या कागदावर होतं तो निघाला आदिलाबादला. कागद आज गाव कुठे आहे ते बघत नाही. तो लिहिला गेला तेव्हाची कचेरी कुठे होती, तिथे तो असतो. निदान तिथून शोधायला तरी लागायचं.

मग बाबा आणि मी भालकीला गेलो. चुलतकाका स्टेशनवर घ्यायला आले होते. ते आमच्याशी मराठीच बोलतात, त्यांची मुलं शाळेत कन्नड शिकली. आमच्याकडे सातबारा, त्यांच्याकडे 'पहाणी'. वाटणीच्या एकाच शेतावर आडनाव दोन तऱ्हांनी. शाळेचं जुनं दाखल-खारीज रजिस्टर कापडात बांधलेलं होतं आणि सगळं उर्दूत. मी, बाबा, काका, हेडमास्तर, चौघंही शिकलेले आणि चौघंही आंधळे! शेवटी निवृत्त झालेल्या एका उर्दूच्या मास्तरांना बोलावलं. त्यांनी चष्मा वर करून पहिला आकडा वाचला, "सन १३४८." बहमनी राज्य १३४७ चं, एवढं मला पाठ होतं. म्हणजे आजोबा त्याच्या दुसऱ्याच वर्षी शाळेत? मास्तर हसले. "फसली साल आहे बेटा. पाचशे नव्वद मिळव." १९३८. आजोबा सात वर्षांचे.

ओळीत सगळं होतं. नाव, वडिलांचं नाव, कौम, गाव. त्या एका उताऱ्यानं काम झालं. प्रतिज्ञापत्र नव्यानं केलं, प्रत्येक नावापुढे दोन पत्ते लिहिले, 'तत्कालीन' आणि 'हल्ली', आणि सोबत १९५६ च्या कायद्यातलं तालुक्यांच्या नावांचं पान जोडलं. मुदतीच्या नऊ दिवस आधी प्रमाणपत्र हातात आलं. ज्युनियर्सनी हे दोन शब्द आत्ताच लिहून ठेवा.

पण त्या दिवशी मास्तर रजिस्टर मिटत नव्हते. बोट वरच्या ओळीवर ठेवून म्हणाले, "हा कोण? बाप तोच, गाव तेच, दाखल त्याच दिवशी. उमर नऊ." बाबांनी माझ्याकडे बघितलं. आजोबा घरात थोरले, असंच आम्ही जन्मभर ऐकलेलं. घरी गेल्यावर भालकीच्या चुलतआजीला विचारलं. ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "होता म्हणं एक. देवी आल्या अन् गेला. सासूबाई कुणापुढं नाव काढायच्या न्हाईत."

वंशावळीत त्याची गरज नव्हती. वकील म्हणाले, कशाला गुंता वाढवता. बाबांनी ऐकलं नाही. आजोबांच्या डावीकडे एक चौकोन वाढवला, खाली 'मयत, अविवाहित'. पत्ता मी लिहिला. तत्कालीन: ता. भालकी, जि. बिदर, हैदराबाद संस्थान. 'हल्ली'च्या पुढे मी आणि बाबा थोडा वेळ बघत बसलो. मग तिथे आडवी रेघ मारली.