सेंटर सापडलं का?

ऑफिसात कुणी ‘राहतेस कुठे?’ विचारलं की मी मोघम उत्तर द्यायचे, ‘वसईच्या पुढे.’ पुढे म्हणजे नालासोपारा, त्यातही पूर्वेला, आचोळे. 2014 मध्ये आमचा जिल्हा ठाण्याचा पालघर झाला. पण नालासोपारा म्हटल्यावर समोरच्याचा जो चेहरा होतो, तो काही बदलला नाही. ‘बाप रे, रोज विरार लोकल?’ हे पाठोपाठ येतंच.

तेव्हा गेल्या वर्षी मी घरी जाहीर केलं की, हा वन बीएचके विकायचा आणि अंधेरीला भाड्याने राहायचं. बाबांनी शांतपणे ऐकलं, पेपर उघडला आणि पुढचे काही आठवडे माझ्याशी फक्त दूध, गॅस आणि लाइटबिल एवढ्याच विषयांवर बोलले.

रविवारची ती शांतता नको, म्हणून मी चाकावर मातीची भांडी करायला शिकायचं ठरवलं. खरं कारण एवढंच! क्लासही घराजवळच मिळाला. आचोळे रोडच्या आतल्या गल्लीतला तळमजल्यावरचा गाळा, तीन इलेक्ट्रिक चाकं, मातीच्या गोणी आणि सिरॅमिक शिकलेल्या एक ताई.

टीव्हीवर दिसतं तितकं ते रोमँटिक नसतं, आधीच सांगते. नखं कापायची, अंगठ्या काढायच्या, जुना टी-शर्ट घालायचा. आधी माती कणकेसारखी मळायची, म्हणजे आतली हवा निघून जाते. मग गोळा चाकाच्या मधोमध आपटायचा, हात ओले करायचे, कोपरं मांड्यांवर टेकवायची आणि फिरता गोळा बरोबर मध्यावर आणायचा. हे सेंटरिंग. ते जमलं तरच अंगठ्यांनी खळगा करायचा आणि आतबाहेरून बोटं लावून भिंत वर उचलायची. नाही जमलं, तर भांडं वर येता येता डोलायला लागतं आणि शेवटी सपशेल लोळण घेतं. पहिल्या तीन रविवारी माझी अकरा भांडी लोळली. अप्रेझलमध्ये ‘क्विक लर्नर’ शेरा मिळालेली मी!

चौथ्या रविवारी चिखलाने माखून घरी आले आणि आईपाशी करवादले, ‘काही केल्या सेंटर होत नाही.’

पेपरामागून आवाज आला, ‘माती ढकलतेस की हात धरून ठेवतेस?’

बाबा टर्नर होते. वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात त्यांनी बत्तीस वर्षं लेथ चालवलं. पेपर खाली ठेवून ते म्हणाले, ‘चकमध्ये जॉब धरला की आधी सेंटर बघायचं. फिरत्या जॉबजवळ खडू स्थिर धरायचा. जिथे फुगवटा, तिथेच रेघ उमटते. आपण जॉबच्या मागे धावायचं नाही. हात पक्का ठेवायचा, फुगवटा आपसूक हाताशी येतो.’

मी बघतच राहिले. बाबा दिवसभर नेमकं काय करतात, हे बत्तीस वर्षांत मी कधी विचारलंच नव्हतं.

पुढच्या रविवारी ते क्लासला आले आणि स्टुलावर बसून राहिले. ‘कोपर हलतंय,’ एवढंच तीनदा म्हणाले. त्या दिवशी माझी पहिली वाटी उभी राहिली. बुटकी, जाड बुडाची, पण उभी!

पावसाळ्यात आमच्याकडे कपडे वाळत नाहीत, तिथे माती कुठली वाळायला? आणि ओलं भांडं भट्टीत गेलं तर वाफेने फुटतं. एका वाटीचा तळ मी नीट दाबला नव्हता, तो सुकताना चिरला. दुसरी मात्र सुमारे हजार अंशांची पहिली भाजणी सोसून आली. ती बघून बाबा म्हणाले, ‘चल, एक जागा दाखवतो.’

पूल ओलांडून पश्चिमेला आलो, रिक्षा केली आणि सोपाऱ्याच्या स्तूपापाशी उतरलो. लहानपणापासून इथे राहते, पण मी कधी आलेच नव्हते. लोक या टेकाडाला बुरूड राजाचा कोट म्हणायचे. 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी ते खणलं, तेव्हा आत दगडी पेटी निघाली. तिच्यात तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, मग दगडाचा, स्फटिकाचा आणि सगळ्यात आत सोन्याचा. त्या सोन्याच्या करंडकात काय असावं? मातीच्या भांड्याचे तेरा तुकडे! ते गौतम बुद्धांच्या भिक्षापात्राचे असावेत, असं भगवानलालांचं मत होतं. हा ठेवा पुढे मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेला. इथे उरलाय विटांचा शांत ढिगारा.

बाबा कट्ट्यावर टेकले. म्हणाले, ‘गाळा बंद झाला तेव्हा इथे येऊन बसायचो. आईला माहीत नाही.’

आम्ही बराच वेळ बसलो. मी फ्लॅटचा विषय काढला, या वेळी बाबांनी पेपर उघडला नाही. त्यांनी अंधेरीचं भाडं विचारलं, मी त्यांना इथले मित्र कोण कोण ते विचारलं. अजून काही ठरलेलं नाही. पण आता रविवारी घरात बोलणं होतं.

आणि हो, परवा ऑफिसात नव्या मुलीने विचारलं, ‘राहतेस कुठे?’

म्हटलं, ‘आचोळे, नालासोपारा. ये एकदा, माझ्या वाटीतून शिरा खायला घालते.’